साक्षगंधाच्या दिवशी मी पाराकूत होतो

माझ्या साळ्यानं मला फसवलं. पैशात नाही, मालात नाही. माझ्या एकुलत्या एका पोरीचं साक्षगंध, म्हणजे इतर ठिकाणी ज्याला साखरपुडा म्हणतात ते, माझ्या पाठीमागं उरकता यावं म्हणून त्यानं मला आफ्रिकेत पाठवलं. आणि मी स्वतःच्या पायांनी गेलो, दंडावर पिवळ्या तापाची सुई टोचून घेऊन.

हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या कारंज्यात लोक ही गोष्ट वेगळी सांगतात. शेठ फॉरेनला गेला, मोठ्या हॉटेलात राहिला, पोरीच्या साक्षगंधाची त्याला पर्वा नव्हती, असं सांगतात. हॉटेल मोठं नव्हतं. बारा खोल्यांचं, एकमजली, अंगणात आंब्याचं झाड आणि फाटकाशी कडुलिंब. मी पंख्याच्या खोलीत राहिलो. एसीची खोली घेतली नाही. आणि पर्वा होती की नव्हती, ते पुढं वाचून तुम्हीच ठरवा.

माझा धंदा बारदान्याचा. धान्याची रिकामी पोती घ्यायची, झाडायची, फाटकी शिवायची आणि मोसमात विकायची. सुरुवात सायकलवर केली. मानोऱ्याकडच्या खेड्यांमधून किराणा दुकानांची रिकामी पोती गोळा करून आणायचो, कॅरिअरवर एवढा ढीग की मागून पाहणाऱ्याला सायकल दिसायची नाही. आज मार्केट यार्डाच्या मागं माझं स्वतःचं गोडाऊन आहे. कोणाच्या बापाचा त्यात एक रुपया नाही.

गोडाऊनच्या दारात लोखंडी बाक आहे. पोती विकायला आलेला माणूस आधी त्या बाकावर बसतो. दुपारी तिथं ऊन येतं. मी आत काहीतरी करत राहतो, दोरी गुंडाळतो, फोनवर बोलतो, चहाही जरा उशिरानं सांगतो. अर्ध्या तासानं तो माणूस स्वतःच उठून आत येतो आणि म्हणतो, "शेठ, काय द्यायचं ते द्या." उठला की त्याचा भाव मोडला. माझ्या सगळ्या धंद्याचं गुपित एवढंच आहे. माझी पोर शाळेतून आली की पोत्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायची आणि हे बघायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, त्या काकाले उनात काहून बसवलं?" मी तिला सगळं समजावून सांगितलं. जो आधी उठतो त्याचं नुकसान होतं, म्हणून आपण कधी आधी उठायचं नाही. तेव्हा ती चौथीत असेल. हे लक्षात ठेवा.

साळा अकोल्याला असतो. ट्रान्सपोर्टच्या कामात आहे, दहा ठिकाणी ओळखी. फेब्रुवारीत तो घरी आला आणि म्हणाला, "भाऊजी, एक पार्टी हाये. पश्चिम आफ्रिकेत, बेनिन म्हणून देश हाये. काजूचा व्यापारी. त्याले तागाची पोती पाह्यजेत, पन्नास हजार नग."

"मंग फोनवर बोलून घे. नमुने कुरिअरनं पाठवतो."

"तो म्हणते मालकाले पाह्यल्याशिवाय सौदा नाही. तुमीच जा."

"तू काहून नाही जात?"

"मले तुमच्यासारखा भाव करता येते काय?"

झालं. असं कोणी म्हटलं की मी हलतो, हे त्याला माहीत होतं. बायकोनं तर त्या दिवशी कमालच केली. मी नागपूरला एक रात्र राहतो म्हटलं तरी तोंड पाडणारी बाई म्हणाली, "जाऊन या बाप्पा. येवढं नशीब कोणाचं असते!" मी निघायच्या आधीच तिनं घराला चुना मारायला घेतला. "दिवाळीत राहून गेलं होतं," म्हणाली. पडद्यांचं नवीन कापड आणलं. वीस वर्षं मी पोत्याला हात लावून सांगतो की हे ओलं झालेलं आहे की नाही, आणि मला माझ्या घराचा चुना दिसला नाही.

पोर वाशिमला एका दवाखान्यात नर्स आहे. तिथंच खोली घेऊन राहते, रविवारी घरी येते. निघताना तिनं गोळ्यांची पिशवी भरून दिली, कोणती कधी घ्यायची ते चिठ्ठीवर लिहून. म्हणाली, "बाबा, पाणी बाटलीचंच प्या. अन् चिडू नका." एवढंच.

मुंबई, मग अदिस अबाबा, मग समुद्रकाठचं त्यांचं मोठं शहर, आणि तिथून पहाटे निघालेली आठ-नऊ तासांची बस. पाराकू. मी घाबरत उतरलो आणि पाहतो तर काय, लाल माती, ऊन आपल्यासारखंच, कडुलिंबाची झाडं, रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांमधून पेट्रोल विकणाऱ्या बाया, आणि सगळ्या गावाला दुपारी डुलकी लागलेली. कारंजा यापेक्षा गजबजलेलं आहे.

हॉटेलची मालकीण माझ्याच वयाची, उंच, जाड, डोक्याला फुलाफुलांचं कापड बांधलेली. तिची भाषा फ्रेंच. माझी कोणतीच कामाची नाही. पण भावाला भाषा लागत नाही. तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडा लिहिला. मी तो खोडला आणि खाली अर्धा लिहिला. ती हसली, तिनं माझा खोडला. असं आमचं अर्धं कॅलेंडर भरलं. मग मी खोली बघायला मागितली आणि दोष काढले. नळ गळतो. खिडकीचा बोल्ट नाही. मच्छरदाणी फाटलेली. मी माझ्या बॅगेतून दाभण आणि सुतळी काढून दाखवली, म्हणजे हे मी शिवतो, तू भाव कमी कर. तिनं बराच वेळ विचार केला आणि मला पाहिजे तो आकडा लिहिला. मी खूश. सकाळी कळलं की त्या आकड्यातून तिनं नाश्ता काढून टाकला होता. बाकीच्या खोल्यांतले लोक अंगणात बसून पाव आणि आम्लेट खात होते आणि मी वास घेत होतो. वर तिनं आणखी दोन फाटक्या मच्छरदाण्या आणून माझ्या पलंगावर ठेवल्या. त्याही मी शिवल्या. ही बाई माझ्या बाकावर कधी बसली नसती.

ती मोबाइलमध्ये बोलायची, मोबाइल ते पुस्तकी हिंदीत सांगायचा. मी हिंदीत बोलायचो, तो तिला सांगायचा. मला ती 'पात्रों' म्हणायची. म्हणजे शेठ.

पार्टीचा एक माणूस समुद्रकाठच्या शहरात होता, आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा. पहिल्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "सेठजी, साहब कल पक्का आ रहे हैं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन, तेच शब्द. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "साहब थोड़ा गाँव तरफ गए हैं, काजू देखने. परसों पक्का."

चौथ्या दिवशी माझी परतीची बस होती. मी बॅग भरली. आणि बॅगेची चेन लावता लावता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हा मला बाकावर बसवून राह्यला! पन्नास हजार पोत्यांचा घेणारा माणूस, त्याला मी दूर देशातून आलेलो, हॉटेलचं भाडं चालू, तिकिटाची तारीख जवळ. तो मला उन्हात तापवतोय. मी उठलो की माझा भाव मोडणार. मला राग यायला पाहिजे होता, पण खरं सांगतो, मला आनंद झाला. एवढ्या लांब, समुद्रापलीकडं, माझ्याच वळणाचा एक माणूस बसलेला आहे आणि माझ्याशी माझाच डाव खेळतो आहे. म्हटलं बेट्या, बघू कोण आधी उठतो.

मी बॅग रिकामी केली आणि दंड भरून तिकीट पुढं ढकललं. घरी फोन केला. बायको म्हणाली, "बसा बसा. सौदा घेऊनच या." पोरीला फोन केला. ती जरा थांबून म्हणाली, "बाबा, तुमी आधी नका उठू मंग."

आता बसायचं म्हटलं तरी मला बसता येत नाही. दुसऱ्याला बसवणं वेगळं. सकाळी मी अंगणात खुर्ची टाकायचो, आंब्याखाली. ऊन सरकलं की कडुलिंबाखाली. फाटकाबाहेर जाऊन रस्ता पाहायचो. कोपऱ्यापर्यंत जायचो, तिथल्या बाईकडून पाव घ्यायचो, भाव करायचो, परत यायचो. भाकरीसारखं काही मिळेना, पण तिथले गुराखी लोक एक पनीरासारखं करतात, बाहेरून लाल, तेलात तळलेलं. ते आणि शेंगदाण्याची चटणी यावर मी निभावलं. दुपारी वीज जायची आणि पंखा थांबायचा. मी खोलीत फेऱ्या मारायचो. दारापासून खिडकीपर्यंत सहा पावलं. पाय दुखले की पलंगावर बसून नमुन्याची बारा पोती पुन्हा घडी करायचो. मालकीण दारातून पाहायची आणि मोबाइलला काहीतरी सांगायची. मोबाइल म्हणायचा, "महोदय, क्या आप अस्वस्थ हैं?"

फेऱ्या मारताना डोक्यात दोन बैठका घोळायच्या. माझ्या पोरीची दोन स्थळं बैठकीत मोडली होती. लोक म्हणतात मी मोडली. हुंडा त्यांनी मागितला नव्हता आणि मी देणारही नव्हतो. मग घासाघीस कशाची? पहिल्या ठिकाणी वऱ्हाडाच्या संख्येची. ते म्हणाले तीनशे माणसं येतील, मी म्हणालो दोनशे. ते अडीचशेवर आले. तिथं थांबायला पाहिजे होतं असं बायको म्हणते. पण समोरचा एका दमात पन्नास खाली येतो याचा अर्थ त्याच्याकडं आणखी जागा आहे. मी पावणेदोनशे म्हणालो. नवऱ्या मुलाचा काका उठला. दुसऱ्या ठिकाणी लग्नाच्या हॉलवरून झालं. त्यांना अकोल्याचा एसी हॉल पाहिजे होता. मी विचारलं, तुमचा पोरगा काय बर्फाचा आहे काय? सगळे हसले, नवरदेवाचा बाप सोडून. तेव्हा पोर स्वयंपाकघरात चहाचे कप पुसत होती. तिला ऐकू गेलं असेल. घर काही एवढं मोठं नाही.

मी चुकीचा होतो असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आजही अडीचशे जास्तच वाटतात.

सहावा दिवस गेला, सातवा गेला. "साहब कल पक्का." मी तिकीट दुसऱ्यांदा ढकललं.

नवव्या दिवशी शनिवार होता. सकाळपासून अंगण झाडणं, खुर्च्या मांडणं, मोठ्या पातेल्यांचा आवाज. मालकिणीच्या भाचीचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे लोक सामान घेऊन येणार आणि मुलीकडचे ते मोजून, पाहून, हो-नाही करून स्वीकारणार. म्हणजे आपली बैठक आणि साक्षगंध एकाच दिवशी. मी माझी खुर्ची भिंतीला लावून लांबून पाहत होतो.

मुलाकडच्या बाया डोक्यावर सामान घेऊन गात गात आल्या. परातीत कापडं, रताळ्यासारखे पण हाताएवढे लांब कंद, तेलाचे डबे, आणि मागं एका माणसाच्या खांद्यावर मिठाचं पोतं. फाटकाशी पोहोचले आणि पोतं खालून उसवलं. मीठ धो धो रस्त्यावर. गाणं थांबलं. बायांच्या तोंडावरून मला कळलं की हे काही बरं झालं नाही. आपल्याकडं हळदीचं ताट सांडावं तसं.

मी कधी उठलो ते मला आठवत नाही. खोलीत गेलो, नमुन्यातलं एक नवं तागाचं पोतं आणि दाभण घेऊन आलो. फाटकं पोतं होतं तसंच नव्यात उभं केलं, वरून हाताला लागेल तेवढं चांगलं मीठ भरलं आणि तोंड शिवून टाकलं, कान काढून, दोन्ही हातांनी धरता येईल असं. मिनिटभर लागलं असेल. पोतं पुन्हा खांद्यावर गेलं आणि बायांनी गाणं जिथं सोडलं होतं तिथून उचललं. मालकिणीनं माझा दंड धरला आणि मला ओढत नेऊन मुलीकडच्या म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवलं.

मग जो सौदा चालला तो मी जन्मात पाहिला नव्हता. मुलीकडून बोलायला एक बाई, मुलाकडून बोलायला एक बाई. दोघींची जीभ कात्रीसारखी; थोडं मालकिणीच्या मोबाइलनं सांगितलं, बाकी हातवाऱ्यांवरून कळलं. आधी एक पोरगी डोक्यावरून कापड घेऊन आणली. मुलाकडच्यांनी कापड उचललं, ही नवरी नव्हे! सगळे ओरडले. ही परत न्यायची तर तिच्या चालण्याचे पैसे द्या. दिले. मग दुसरी आणली, ती तर सत्तर वर्षांची आजीबाई निघाली. ती जायलाच तयार नाही. म्हणते, मलाच न्या. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायला आले. मुलाकडची बाई एकेक नाणं काढी आणि रडल्याचं सोंग करी. एकदा तिनं फारच कमी टाकलं. माझा हात आपोआप वर गेला, पाच बोटं. वाढवा! अंगणात एकच हशा. त्या बाईनं मला हात जोडून दाखवले आणि पाच टाकले.

मुलीचा बाप माझ्या शेजारी होता. बारीक माणूस, निळा झगा घातलेला. तो पूर्ण वेळ एक शब्द बोलला नाही. शेवटी खरी नवरी आली. तिच्या मावशीनं, म्हणजे मालकिणीनं, तिला सगळ्यांसमोर विचारलं, हे सामान घ्यायचं का? तीनदा विचारलं. तीनदा ती हो म्हणाली, तिसऱ्यांदा मोठ्यानं. तेव्हा त्या बापानं डोळे पुसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. का ठेवला काय माहीत. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. फेऱ्या मारल्या नाहीत.

रविवारी दुपारी, फोन हातात घेऊन पलंगावर पडलो होतो. आमच्या गल्लीतला बिछायतवाला, मांडव-खुर्च्या भाड्यानं देणारा, आपल्या प्रत्येक कामाचे फोटो स्टेटसला टाकतो. मी बोट फिरवत होतो. झेंडूच्या माळा लावलेलं एक फाटक आलं. छान काम केलं म्हणून थांबलो. मग पाहिलं, फाटकाच्या डाव्या कोपऱ्याला पोचा होता. तो पोचा माझ्या टेम्पोनं पडलेला आहे.

पुढचा फोटो आमच्या बैठकीच्या खोलीचा. नवे पडदे. पाटावर एक मुलगा बसलेला, चांगला दिसणारा, माझ्या ओळखीचा नाही. त्याला कुंकू लावणारा माझा साळा. माझ्या पाटावर. अंगात माझं कोसा रेशमाच्या रंगाचं जॅकेट. आणि शेजारी माझी पोर, हिरव्या शालूत, खाली पाहून हसत.

तुम्हाला खोटं वाटेल, पण माझ्या मनात पहिला विचार आला की या बिछायतवाल्यानं यांना किती लावले असतील. दुसरा विचार आला तेव्हा मी अंगणात होतो आणि ओरडत होतो.

बायकोनं फोन उचलला नाही. साळ्यानं उचलला नाही. पोरीनं उचलला. मागं बायांचा आवाज, भांड्यांचा आवाज.

"बाबा, जेवले काय?"

"कोण हाये तो पोरगा? कोणाले विचारून केलं? मी मेलो काय?"

"बाबा, तुमी आल्यावर बोलू."

"मी मेलो काय वं?"

"बाबा, तुमी असते तं झालं नसतं." हळू म्हणाली, शेजारी कोणी ऐकू नये अशी. आणि फोन ठेवला.

मी खुर्ची फेकली. प्लास्टिकची होती, आंब्याला लागून परत माझ्याकडंच आली. मालकीण आली, तिनं खुर्ची सरळ केली आणि मला तीत बसवलं. मोबाइल पुढं धरला. मी सगळं सांगितलं, शिव्यांसकट. मोबाइलनं शिव्यांचं काय केलं कोण जाणे. तिनं ऐकलं, फोटो पाहिले, बोटानं मोठे करून पोरीचा चेहरा पाहिला. मग बोलली. मोबाइल म्हणाला, "हमारे परिवार में पिता उस दिन मौन रहता है. उसका हृदय मोल-भाव के योग्य नहीं होता."

मी म्हटलं, "बाई, कालच्या त्या बापाला खुर्ची होती. गप्प बसायला का होईना, पण पहिल्या रांगेत खुर्ची होती. माझी खुर्ची कुठं आहे या फोटोत? दाखव."

तिनं फोटो पुन्हा पाहिला. माझ्या बिलात तिनं त्या दिवसाचं भाडं धरलं नाही आणि मी ते कमी करायला सांगितलंही नव्हतं. निघताना मी तिला उरलेली अकरा पोती दिली. भाव केला नाही.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी साळ्याला बोलावलं. तो चहा हातात घेऊन दाराजवळच बसला, पळायला सोपं म्हणून.

"पार्टी खोटी होती ना?"

"खोटी कायले? पार्टी खरी हाये. पण त्याले माल पुढच्या मोसमाले पाह्यजे."

"अन् रोज फोन करणारा?"

"तो माह्या ओळखीचा. त्याले जे सांगतलं ते तो बोलला." मग जरा सरसावून म्हणाला, "भाऊजी, पोरगा चांगला हाये. वाशिमले औषधाचं दुकान हाये त्याचं. पोरीनंच पसंत केला. दोन वर्षं झाले त्याले, दोन स्थळं मोडतानी पाहून राह्यला तो. अडीचशे वऱ्हाड अन् कारंज्याचाच हॉल, एका शब्दात मान्य. आता काय पाह्यजे?"

"एका शब्दात मान्य म्हणजे दोनशेवर आले असते!"

बायको म्हणाली, "पाह्यलं? पाह्यलं?"

मी साळ्याला म्हटलं, "तू मले धा दिवस हाटेलात सडवलं. मी मधातच उठून आलो असतो तं? तारीख तं तुमी आधीच ठरवली होती. येवढा भरवसा कसा होता तुले?"

तो कपात पाहू लागला. "तुमाले तिकडं पाठवाची आयडिया माही होती, हे मी कबूल करतो. मी म्हणत होतो, पार्टी धा दिवसांनी भेटते असं सांगू. पण ते म्हणे, असं सांगतलं तं जाणारच नाहीत. रोज उद्या-उद्या म्हणा, ते म्हणे. मंग जागचे हलत नाहीत."

"ते कोण?"

साळ्यानं उंबऱ्याकडं पाहिलं. बायको उठून आत गेली. पोर उंबऱ्यात उभी होती, खांद्यावर बॅग, वाशिमची बस धरायची होती. मी तिच्याकडं पाहिलं. चौथीतली पोर मला दिसली, थप्पीवर बसलेली, पाटीवर काहीतरी लिहिणारी, आणि कान माझ्याकडं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमीच तं शिकवलं होतं." आणि गेली.

त्याला आता तीन आठवडे झाले. ती रविवारी येते, माझ्या ताटात वाढते, गोळ्या घेतल्या का विचारते. मुलगा दोनदा येऊन गेला. माझ्या पाया पडला. दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगतो तसं अदबीनं बोलतो, वाईट नाही. लग्नाची तारीख निघाली आहे. घरात सगळे माझ्याभोवती असे वावरतात जसा मी काचेचा आहे, आणि मी गोडाऊनपासून घरापर्यंत दिवसातून चार फेऱ्या मारतो. बाकावर आता मी कोणाला बसवत नाही. बसवलं की मला पाराकू दिसतं.

साळ्याशी माझं भांडण संपलेलं नाही, पण त्याच्याकडून मला काही ऐकायचं नाही. त्याला अक्कल एवढीच. बायकोचंही मी समजू शकतो, तिनं दोन बैठका पाहिल्या. माझा प्रश्न पोरीला आहे, आणि ती तोंडावर बोलत नाही म्हणून इथं लिहितो.

पोरी, तुला मी ओळखायला लागायच्या आधीपासून तू मला ओळखतेस, हे मला समजलं. मी चिडणार, मी भाव करणार, मी पावणेदोनशे म्हणणार, सगळं तुझं बरोबर. पाराकूत दुसऱ्याच्या पोरीच्या वेळी तीन तास बसलो तेव्हासुद्धा एकदा माझी पाच बोटं वर गेलीच, ते मी लपवत नाही. पण मी बसलो. त्या माणसाच्या शेजारी बसलो आणि मिठाचं पोतंही शिवून दिलं. तुझ्यासाठी मला हे जमलं नसतं, हे तू मला एकदाही न विचारता कसं ठरवलंस? त्या नवरीला तिच्या मावशीनं तीनदा विचारलं. मला तू एकदा तरी विचारायचं होतंस, बाबा, गप्प बसाल काय? मी नाही म्हणालो असतो तर मग पाठवायचं होतं, कुठं पाठवायचं तिथं.

माझा पाट तू मामाला दिलास. माझं जॅकेटही तूच कपाटातून काढून दिलं असशील. गप्प बसायला का होईना, त्या खोलीत माझी एक खुर्ची का ठेवली नाही? मांडव उभा राहायच्या आधी मला याचं उत्तर पाहिजे. मामाकडून नको, आईकडून नको. तू दे. यावेळी मी आधी उठणार नाही.